एक घास, एक शिवण

ताईचं जेवण सुरू झालं की दुकानातली स्टेपल गन बंद व्हायची. असा नियम काही कुणी भिंतीवर लिहून लावला नव्हता. पण त्या गनची ठकठक चालू असली की ताईचा जबडाही त्याच तालात पळायला लागायचा, घास नीट बारीक न होताच खाली उतरायचा, आणि मग पुढे तिची जी अवस्था व्हायची ती छोट्याला बघवायची नाही. म्हणून तिनं डबा उघडला की तो गन खाली ठेवायचा आणि एखाद्या जुन्या खुर्चीचं कापड उसवत बसायचा. उसवण्याला आवाज नाही.

छोट्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. पन्नाशी समोर उभी, डोक्यावर केस औषधालाही नाहीत, पण ताईसाठी तो छोट्याच. दोघांचं सोफे-खुर्च्या नव्यानं मढवून द्यायचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत दोघं राहायची. सांगाडा, स्प्रिंगा, फोम ही कामं त्याची. कापड बेतणं आणि शिवणं तिचं. त्याचा संसार सुरू होता होताच मोडला होता. तिचं लग्न जमता जमता राहिलं, पुन्हा जमता जमता राहिलं, आणि मग दोघांनीही तो विषय सोडून दिला. एकमेकांची सोबत होती. भांडायला माणूस होतं. आणखी काय लागतं?

जेवायला मात्र दोघं लहानपणापासून पैज लावल्यासारखी बसायची. कोण आधी संपवतं, कोण जास्त वाढून घेतं, शेवटचा बटाटा कुणाचा, यावरून चांगल्या कळत्या वयातही तंटे व्हायचे. छोट्या कितीही खाऊन काटक राहिला आणि ताई वाढत गेली. इतकी वाढली, की तिच्या शिवणाच्या मशीनपुढची खुर्ची त्यानं आतून लोखंडी पट्ट्या मारून पक्की केली. “गिऱ्हाइकांना दाखवायला बरी आहे,” तो म्हणायचा. “म्हणावं, ही टिकली तर तुमचीही टिकेल.” ताई हातातली पट्टी त्याच्या पाठीत घालायची आणि स्वतःच खो खो हसायची.

गुडघे दुखायचे, जिना चढताना धाप लागायची, शुगर तर कधीची मुक्कामाला आलेली. डॉक्टर दर वेळी सांगायचे, की पोटाचं ऑपरेशन करून घ्या, पोट लहान करतात, वजन उतरेल. ताई नाक मुरडून परत यायची. “माझं पोट आहे. त्यांना का डोळ्यात खुपतंय?” म्हणायची. छोट्यानं समजावून बघितलं, रागावून बघितलं, एकदा चार दिवस अबोला धरून बघितला. पाचव्या दिवशी त्यालाच करमेना.

आणि मग आजारी पडला तो! देवाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा. खाणारी ती, आणि किडन्या गेल्या त्याच्या. दिवसाआड दवाखान्यात जायचं, हातात सुया खुपसून घ्यायच्या, मशीननं रक्त धुऊन घ्यायचं आणि पिळून काढलेल्या फडक्यासारखं होऊन परत यायचं. पाणी मोजून. मीठ नाही. केळं नाही. बटाटा दोनदा उकळून, पाणी फेकून. ज्या माणसानं शेवटच्या बटाट्यासाठी बहिणीचा हात पिरगाळला, त्याच्यावर ही पाळी.

ताईनं ऐकलं त्याच दिवशी सांगून टाकलं. “माझी घ्या किडनी. दोन आहेत, त्यातली एक बसून खाते.”

छोट्या दवाखान्यात विचारायला गेला. परत आला तो बराच वेळ दुकानाच्या दारात चपला काढत उभा राहिला. मग म्हणाला, “तुझं वजन उतरलं तर बघू, असं म्हणतात.”

“म्हणजे ते ऑपरेशन?”

“हो.”

“मग कर तयारी,” ताई म्हणाली आणि मशीनचं चाक फिरवलं. वर्षानुवर्षं जिनं डॉक्टरांना दाद दिली नव्हती, तिनं एका शिवणीच्या आत पोट कापून घ्यायचं ठरवलं.

ऑपरेशन झालं. आहार शिकवणाऱ्या बाई आल्या आणि त्यांनी ताईला जेवायला शिकवलं. हसू नका, खरंच शिकवलं. बाळाला शिकवतात तसं. चमचा लहान घ्यायचा. घास नखाएवढा. तोंडात त्याचा पार लगदा होईपर्यंत चावायचा, मग गिळायचा. गिळला की चमचा खाली ठेवायचा. खाली म्हणजे खाली, हातात धरून ताटावर टपून बसायचं नाही. जेवताना पाणी नाही, जेवणाआधी नाही, लगेच नंतरही नाही. आणि पोट पुरे म्हणालं की तिथेच थांबायचं, एक घाससुद्धा पुढे नाही. आधी नुसतं पातळ, मग दही, मग मऊ अंडं, मग कधीतरी मासा.

“आणि हे किती दिवस?” ताईनं विचारलं.

“आता हेच,” बाई म्हणाल्या.

ताईला वाटलं होतं, भूक मारावी लागेल, जिभेशी भांडावं लागेल. कसलं काय. भूकच गेली. चवही कुठे निघून गेली कुणास ठाऊक. अंडं म्हणू नका, मासा म्हणू नका, सगळं तोंडात फोमच्या कातरणासारखं. चावायचं, चावायचं, चावायचं, आणि आत ढकलायचं. वाईट वाटायचं नाही, बरं वाटायचं नाही. काहीच वाटायचं नाही. रडू येईल म्हणून ती वाट बघायची, तर तेही येत नव्हतं. औषध घेतात तसं ती जेवायची, आणि औषध तर दुसऱ्याच्या दुखण्यावरचं होतं, मग चवीचं कौतुक कशाला?

रिकामं बसून चावायला मात्र तिला भारी जिवावर यायचं. हात मोकळे असले की चमचा आपोआप वर यायचा. मग तिनं आपली युक्ती काढली. घास तोंडात घ्यायचा, डबा बाजूला सारायचा आणि मशीनवर कापड घालायचं. गादीच्या कडेची एक बाजू शिवून संपेपर्यंत चावायचं. दोरा तोडला की गिळायचं. एक घास, एक शिवण. जेवताना दुसरं काही करू नका असं आहारवाल्या बाईंनी बजावलं होतं, पण आहारवाल्या बाईंना कुठे खुर्च्या पोचवायच्या होत्या? दुपारच्या जेवणात एका सोफ्याच्या खोळी निघायच्या. छोट्या म्हणायचा, “तू जेवलीस की आपला धंदा वाढतो.”

पोट भरल्याची तिला एकच खूण कळायची, ती म्हणजे नाक गळायला लागायचं. पोटात काही जाणवायचं नाही, पण नाकाला धार आणि डोळ्यांत पाणी. एकदा शाळेतल्या मास्तरीणबाई आपल्या खुर्चीचं कापड निवडायला आल्या आणि ताई डब्यापुढे नाक पुसत बसलेली. मास्तरीणबाईंनी तिला जवळच घेतलं. पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “होईल हो सगळं ठीक. भाऊ होईल बरा.” तोंडात घास असल्यामुळे ताईला बोलता येईना. ती नुसती मान हलवत राहिली. बाई गेल्यावर छोट्या इतका हसला, की त्याला धाप लागली. ताईही हसली. तोंडानं हसली. आत काही हललं नाही, हे तिला कळलं आणि तिनं पुढचं कापड ओढलं.

वजन उतरत गेलं. गल्लीतली माणसं वळून बघायला लागली. शेजारचा चावीवाला, ज्यानं आयुष्यात कधी कुणाला बरं म्हटलं नाही, तो म्हणाला, “ताई, ओळखलंच नाही!” कुणी म्हणालं वय कमी झालं, कुणी म्हणालं नजर काढा. ताई म्हणायची, “हो का?” झालं. आरशात एक सैल कातडीची अनोळखी बाई दिसायची. असेल कुणीतरी.

एकदाच मोठा घोटाळा झाला. गिऱ्हाईक दारात उभं, काम अर्धवट, ताईनं घाईत पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि दोन-चारदा चावून गिळला. तो छातीत मधोमध जाऊन बसला. खाली जाईना, वर येईना. थुंकीसुद्धा गिळता येईना. ती मागच्या मोरीपाशी भिंतीला टेकून बसली, तोंडातून नुसता फेस. छोट्यानं गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि तिच्याशेजारी ओल्या फरशीवर येऊन बसला. तो आदल्याच दिवशी रक्त धुऊन आला होता, त्याचेही ओठ कोरडे पडलेले. पाठ चोळत बसण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी एकदाचा तो तुकडा सुटला. ताई तोंड धुऊन म्हणाली, “जीव जातोय असं वाटलं.”

छोट्याचा चेहरा पांढराफटक. “माझ्यामुळे चाललंय हे सगळं,” तो म्हणाला. “ताई, तुला एक सांगायचं होतं.”

“काही सांगू नकोस. तुझ्या दुखण्यापुढे हे काहीच नाही. मी माझं निस्तरते, तू फक्त तोवर टिक.”

तो उठला आणि फरशी पुसायला फडकं आणायला गेला.

मग एक दिवस ताई कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिली आणि डॉक्टरांनी सांगितला होता तो आकडा आला. ती तशीच घरी आली. “झालं,” म्हणाली. “चल, सांग त्यांना. म्हणावं, माल तयार आहे.”

छोट्या म्हणाला, बघू. दुसऱ्या खेपेला म्हणाला, डॉक्टर रजेवर आहेत. मग म्हणाला, अजून थोडं उतरू दे, घाई काय आहे? ताईनं आधी ऐकून घेतलं. पण ताई शिवणकाम करणारी बाई, कापड कुठे ताणतंय ते तिला बोटाला कळतं. घाबरला असेल, तिला वाटलं. माझ्या जिवाला काही होईल म्हणून घाबरला असेल. वेडा कुठला!

म्हणून एका सकाळी, तो रक्त धुवायला आत गेल्यावर, ती त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर गेली. जिना चढून गेली, धाप लागली नाही. तिथे किडनीचं सगळं बघणाऱ्या एक बाई बसायच्या. टेबलावर कुंडी, भिंतीवर किडनीचं रंगीत चित्र.

“मी भावाला किडनी द्यायला आलेय,” ताई म्हणाली.

बाईंनी छोट्याचं नाव विचारून घेतलं, मग तिचं वय, मग आजार.

“शुगर?”

“होती. आता पार गेली. गोळ्यासुद्धा बंद झाल्या.” ताईनं हे जरा ऐटीतच सांगितलं.

“किती वर्षं होती?”

“बरीच.”

बाईंनी चष्मा काढून ठेवला. “अहो ताई, मग नाही चालणार. इतकी वर्षं शुगर होती अशा माणसाची किडनी आम्ही घेत नाही.”

“पण आता नाहीये ना.”

“परत येऊ शकते. एकच किडनी उरलेली असताना आली, तर तुम्हालाच खाली भावाशेजारी पलंग द्यावा लागेल.” मग बाईंच्या कपाळावर आठी पडली. “पण हे तुम्हाला माहीत नव्हतं? तुमच्या भावाला मीच सांगितलं होतं. तुमच्या ऑपरेशनच्याही आधी. इथेच बसले होते, तुम्ही बसलाय तिथेच.”

ताईनं खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. कापड हलक्या प्रतीचं होतं, कडेला उसवत होतं.

“काय म्हणाला तो?”

“तसं काही नाही. एवढंच विचारलं, की ते वजनाचं ऑपरेशन केलं तर ताईचं आयुष्य वाढेल का. मी म्हटलं, वाढेल की. ‘मग झालं तर,’ म्हणाले, आणि उठले.” बाईंनी चष्मा परत चढवला. “आता आलाच आहात तर तुम्हीच समजवा त्यांना. दुसऱ्या कुणाची किडनी मिळावी म्हणून नाव नोंदवायचं, तर आधी तपासण्या कराव्या लागतात. कितीदा बोलावलं. येतच नाहीत.”

ताई म्हणाली, “सांगते.” आभार मानले. जिना उतरली. खालच्या मजल्यावर काचेतून छोट्या दिसत होता, चादर गळ्यापर्यंत ओढून झोपलेला, हातातून नळ्या. ती आत गेली नाही. सरळ दुकानात आली आणि एका गिऱ्हाइकाच्या खुर्चीचं कापड शिवायला घेतलं. शिवण वाकडी आली नाही. कुणीतरी फसवलंय एवढं तिला समजत होतं. पण ते दुसऱ्याच कुणाच्या घरात घडल्यासारखं वाटत होतं. दुपारी ती जेवली. दोन शिवणींत पोट भरलं.

संध्याकाळी दोघं मागच्या खोलीत टेबलाशी बसली. त्याच्यापुढे बिनमिठाचा भात आणि दोनदा उकळलेला बटाटा, तिच्यापुढे बशीत अर्धं अंडं. तिनं एक घास घेतला, चावला, गिळला, चमचा खाली ठेवला.

“आज वरच्या मजल्यावर जाऊन आले,” ती म्हणाली.

छोट्याचा हात भातातच राहिला. तो वर बघेना.

“कधी सांगणार होतास?”

“सांगणारच होतो.”

“डोंबल सांगणार होतास!”

त्यानं भातातला हात बाहेर काढला. मग म्हणाला, “तुला स्वतःसाठी कर म्हटलं असतं, तर केलं असतंस?”

ताईला खोटं बोलता आलं असतं. “नसतं केलं,” ती म्हणाली.

“मग? मी काय करायचं होतं? रात्री तुझा श्वास अडकायचा. मी भिंतीपलीकडे जागा राहून ऐकायचो, पुढचा येतोय की नाही. मला तू हवी होतीस. माझं दुखणं एवढं एका कामाला तरी आलं.”

“आणि तुझं नाव? नाव का नाही नोंदवलंस?”

“आधी नोंदवलं असतं, तर तू म्हणाली असतीस, आता मिळेलच कुणाची तरी, मग माझं पोट कशाला कापता.”

“बरं. आणि ऑपरेशन झाल्यावर?”

छोट्यानं भाताचं एक शीत ताटाच्या कडेला नेऊन ठेवलं. “नंतर कंटाळा आला, ताई. सुयांचा आला, तहानेचा आला. तुझं वजन उतरत होतं, शुगर गेली, जिना चढायला लागलीस. म्हटलं, झालं आपलं काम. दोघांतलं एक जरी नीट राहिलं तरी पुष्कळ.”

तेव्हा कुठे ताईला राग आला. असा सणसणून आला, की कानशिलं गरम झाली, आणि केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या महिन्यांत आपल्या आत काही शिल्लक आहे हेच ती विसरून गेली होती.

“कुणी ठरवलं हे?” ती ओरडली. “तू मेलेला चालेल आणि मी मेलेली चालणार नाही, हे कुणी ठरवलं? मला विचारलंस? मी नीट राहून काय करू? या टेबलाशी एकटी बसू? भिंतीकडे बघत चावत बसू, मरेपर्यंत? तो पाव अडकला तेव्हा तू होतास पाठ चोळायला. पुढच्या वेळी कोण, चावीवाला?”

“ओरडू नकोस, पोटावर ताण येईल.”

“येऊ दे! माझं पोट, मी बघेन! तुझ्यासाठी कापलं होतं ते, तर तुझ्यासाठीच होतं. तू काहीही म्हण. उद्या तपासण्यांना जायचं आणि नाव नोंदवायचं. मी बरोबर येणार. त्या बाईंसमोर बसणार.”

“ताई, तिथे केवढी रांग आहे तुला माहीत आहे का? वर्षं जातात. आपला नंबर येईल न येईल.”

“जाऊ देत वर्षं,” ताई म्हणाली. “मला कुठे घाई आहे? मला आता कशाचीच घाई करता येत नाही.”

छोट्या हसायला गेला आणि मध्येच त्याला रडू फुटलं. म्हातारा होत चाललेला टकला माणूस, शेंबड्या पोरासारखा हुंदके देत रडला. ताई रडली नाही. तिनं त्याचं भाताचं ताट पुढे सरकवलं, “निवतंय, जेव,” म्हणाली, आणि बशीतला पुढचा घास उचलला.